अक्कलदाढेतले नऊ दिवस

विशाखाचा वंचनांक एकशे बारा आला. राखीव जागेसाठी त्या वर्षी, म्हणजे २०४६ साली, किमान तीनशे चाळीस लागत होता. खुल्या यादीत ती अकरा गुणांनी मागे पडली होती. डॉक्टर व्हायचा तिचा मार्ग त्या दुपारी बंद झाला. आणि ज्या यंत्राने हा आकडा काढला, ते तिच्या सख्ख्या आत्याने बनवले होते.

आत्या म्हणजे डॉ. यमुना विटकर. पन्नाशीची, एकटी राहणारी, पुण्याच्या एका संशोधन संस्थेत पंचवीस वर्षे दातांच्या रचनेवर काम केलेली बाई. निकाल लागला तेव्हा ती प्रयोगशाळेतच होती. सोलापूरहून थोरल्या भावाचा, हणमंताचा फोन आला.

“यमे, एकशे बारा म्हंजे काय गं?”

“म्हणजे तिचं लहानपण चांगलं गेलं, आण्णा.”

“ते मला म्हाईत हाय. मीच घालवलंय ते चांगलं. म्हंजे काय, ते इचारायलोय.”

हणमंता एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. त्याचा बाप खाणीत दगड फोडायचा, आजाही तेच करायचा. वडारांच्या त्या घरात रोज दूध प्यायलेली, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना पाहिलेली पहिली पोर म्हणजे विशाखा.

“लेकराला पोटभर खाऊ घातलं, ही चूक झाली का माझी?” हणमंताचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. “तू म्हणली होतीस, आण्णा, आता कोट्यावरनं कुनी आपल्याला बोलनार न्हाई. खरं हाय. बोलायला पोरगी तिथं पोचायला तर पायजे.”

त्याने फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षे तो तिच्याशी बोलला नाही.

*

यंत्राचे नाव होते स्तरवाचक.

झाडाच्या खोडात वर्षांची वलये असतात, तसे माणसाच्या दातात दिवसांचे थर असतात. दाताचे वरचे कठीण आवरण जबड्याच्या आत तयार होत असते तेव्हा रोज एक थर चढतो. केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. त्या दिवशी मूल उपाशी असेल, तापाने फणफणले असेल, जिवाच्या भीतीने भेदरलेले असेल, तर थरात खनिजे नीट बसत नाहीत. थर मळकट राहतो आणि ताणाच्या संप्रेरकाचा अंश त्यात अडकून बसतो. हाडे आयुष्यभर झिजतात, पुन्हा भरतात. रक्त बदलते, कातडी बदलते. दातावरचा थर एकदा बसला की तसाच राहतो.

पहिली दाढ जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घडते. दुसरी सात-आठ वर्षांपर्यंत. त्यापुढची कहाणी अक्कलदाढेत असते. ती हिरडीखाली दडलेली असतानाच चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत भरत राहते. तिन्ही दाढा ओळीने वाचल्या की मुलाच्या सगळ्या लहानपणाची रोजनिशी हाती येते. पूर्वी त्यासाठी दात काढून त्याचा काप घ्यावा लागे. यमुना आणि तिचा सहकारी डॉ. मुकुंद देवस्थळी यांनी क्ष-किरणांचे असे यंत्र बनवले की माणसाने खुर्चीत बसून एक पट्टी दातांत धरायची. अकरा मिनिटांत काम संपे.

मेळघाटातल्या मुलांचे कुपोषण मोजायला म्हणून हे यंत्र जन्माला आले होते. मग कुणाच्या तरी डोक्यात आले की, जातीच्या दाखल्यावरून इतकी वर्षे भांडणे चालली आहेत. त्याऐवजी प्रत्येक मुलाने प्रत्यक्ष काय सोसले तेच का मोजू नये? गरिबी खोट्या दाखल्यात लपते, दातात लपत नाही. ‘जात जाणार, दात सांगणार’ असे मथळे झळकले. समन्याय आयोग बसला. दोन वर्षे सुनावण्या झाल्या आणि शिक्षणातल्या राखीव जागा वंचनांकावर, म्हणजे दातातल्या मळक्या थरांवरून काढलेल्या आकड्यावर, देण्याचा कायदा झाला.

यमुना आयोगासमोर या कायद्याच्या बाजूने बोलली होती. आपल्या माणसांविरुद्ध जातेय असे तिला तेव्हा वाटले नव्हते. ती भटक्या-विमुक्तांच्या कोट्यातून शिकली, नोकरीला लागली, आणि पुढे जे काही केले ते स्वतःच्या डोक्याने केले. पण तिच्या शोधनिबंधाचे कौतुक करतानाही लोक ‘तरीसुद्धा’ हा शब्द वापरत. तिला एक आकडा हवा होता. कुणी कुजबुजले तर समोर ठेवता येईल असा, वाद घालता येणार नाही असा.

पहिल्या वर्षीचे निकाल पाहून तिला बरेही वाटले होते. निवडलेल्या दहातली सात मुले पूर्वी ज्यांना जागा मिळत त्याच समाजांतली होती, पण त्यांतल्या अगदी तळाच्या घरांतली. ज्यांच्यापर्यंत दाखला कधी पोचलाच नव्हता. उरलेली तीन कुठल्याही जातीची, पण खरोखर उपाशी राहिलेली. वर आलेल्या घरांतली मुले मात्र गळली. एका पिढीपूर्वी वर आलेल्या घरांतलीही. त्या गळलेल्यांत विशाखा होती.

यंत्र पहिल्यांदा चालू झाले तेव्हा दोघांनी आधी स्वतःचेच दात वाचले होते. यमुनाचा अंक पाचशे एकाहत्तर आला. देवस्थळीचा तीनशे सहासष्ट.

“आठवीत होतो तेव्हा बाबा गेले,” तो म्हणाला. “आई लोकांकडे पोळ्या लाटायची. दोन वर्षं आम्ही एकदाच जेवायचो. संस्थेत कुणाला माहीत नाही.”

“मलासुद्धा सांगितलं नाहीस?”

“तुला कोणत्या तोंडाने सांगणार? तुझ्यापुढे त्याला भूक म्हणायची लाज वाटायची.”

तिच्या पहिल्या दाढेत तेरा दिवसांचा एक काळाकुट्ट पट्टा होता, तिला न आठवणारा. तेव्हा ती तीन वर्षांचीही नव्हती. त्याच संध्याकाळी तिने हणमंताला फोन करून विचारले होते. तो हसला होता. “यंत्रानं सांगितलं व्हय तुला? अगं, बाच्या पायावर दगड पडला तवाचं हाय ते. आई सिव्हिलच्या दवाखान्यात त्याच्यापाशी. पालात तू आन् मी. मी आठ वर्साचा. गूळ कालवून पानी पाजायचो तुला. तू रडायची थांबलीस, तवा मी लई भ्यालो बघ.”

*

तीन वर्षे अशीच गेली. यमुना सकाळी आठला प्रयोगशाळेत जायची, सातला घरी यायची. पूर्वी दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात ती सोलापूरला जायची. आता भाऊबिजेच्या दिवशीही प्रयोगशाळेत बसायची. संस्थेत तिचा मान वाढला होता. पण बढतीच्या वेळी ज्यांनी कुजबुज केली होती तेच आता ‘तुमच्यामुळे न्याय झाला’ म्हणून अभिनंदन करायला येत. तिला कुठे बघावे ते कळत नसे.

२०४९ च्या फेब्रुवारीत नवा नियम आला. बारावीनंतर एकदाच वाचन करण्याऐवजी सातवीतल्या सगळ्या मुलांचे पहिले वाचन करायचे आणि बारावीनंतर दुसरे. राज्यभरातून दातांची चित्रे येऊ लागली. नावे नसत, फक्त क्रमांक. क्रमांकांची नावे सांगणारी यादी कुलूपबंद होती आणि तिच्या दोनच प्रती होत्या, एक यमुनाकडे आणि एक देवस्थळीकडे.

एके सकाळी एका क्रमांकावर ती थांबली. अक्कलदाढेत पाच काळ्या रेषा होत्या. त्यांत विशेष काही नव्हते. मग तिने चित्र मोठे करून थर मोजले. नऊ. पुढची रेषा, पुन्हा नऊ. पाचही रेषा नऊ-नऊ थरांच्या. दोन्ही बाजूंना स्वच्छ पांढरे, भरल्या पोटाचे थर.

खरी भूक अशी नसते. ती हळूहळू उतरते. मध्येच एक दिवस कुणाच्या लग्नात पंगत मिळते आणि एक थर उजळ होतो, मग पुन्हा मळतो. खऱ्या भुकेची कड फाटक्या कापडासारखी असते. ही रेषा कात्रीने कापल्यासारखी होती.

तिने यंत्राला अशा रेषा शोधायला लावल्या. दुपारपर्यंत एकशे चौदा मुले सापडली. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुटीत आणि मे महिन्यात, नऊ दिवस.

नऊच का, हे तिला लगेच कळले. वंचनांकाच्या सूत्रात आठ दिवसांपर्यंतची उपासमार धरलेली नव्हती, कारण साध्या दुखण्यातही मूल तेवढे दिवस जेवत नाही. ती अट तिनेच घातली होती, तिच्याच शोधनिबंधात. कुणीतरी तो नीट वाचला होता.

तिने देवस्थळीला बोलावले. त्याने स्वतः थर मोजले. चष्मा काढून डोळे चोळले.

“मुद्दाम उपाशी ठेवताहेत,” तो म्हणाला.

“आईबापच.”

“गाळणी लावू. कड सरळ दिसली की ती रेषा धरायची नाही. आठवड्याचं काम आहे.”

“मग ते कड फाडतील, मुकुंद. नवव्या दिवसाऐवजी सोळाव्या दिवसापर्यंत नेतील, मध्ये दोनदा जेवायला घालतील. आपण जितकं बारीक वाचू, तितकं ते बारीक उपाशी ठेवतील.”

“म्हणून काय बंद करायचं? ज्या हजारो पोरांना खरी जागा मिळाली त्यांचं काय?”

तो गेल्यावर तिने यादी उघडली. नावे पाहायचा तिला अधिकार होता, पण आजवर तिने एकदाही ती पाहिली नव्हती. या मुलांत समान काय आहे तेवढे तिला बघायचे होते. एक्केचाळीस मुले सोलापूरची होती. सव्विसाव्या ओळीवर नाव होते: ओवी हणमंत विटकर.

विशाखाची धाकटी बहीण. बारा वर्षांची. यमुनाने तिला शेवटचे पाहिले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि आंब्याच्या रसाची वाटी चाटत होती. पहिली रेषा २०४६ च्या दिवाळीतली होती, विशाखाचा निकाल लागल्यानंतर पाच महिन्यांनी.

*

हणमंताला फोन करायचा तिला धीर झाला नाही. तिने मे महिन्यापर्यंत वाट पाहिली आणि मग गाडी काढून सोलापूर गाठले. वहिनी शालन दारात उभी राहिली. ‘या’ म्हणाली, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

“ओवी कुठाय?”

“शिबिराला गेलीय. जुळे सोलापुरात. नऊ दिवसांचं अस्तंय.” शालनने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. “वन्स, मी नको म्हणलं होतं.”

शिबिर एका खासगी क्लासच्या दुमजली इमारतीत होते. बाहेर उन्हाचा नुसता जाळ होता. दारावर फलक होता, ‘सात्त्विक आहार व एकाग्रता शिबिर’. आतल्या मोठ्या दालनात साठेक मुले सतरंज्यांवर ओळीने बसली होती. शंभर मुलांच्या शाळेतही दुपारी जी कलकल असते तिचा इथे मागमूस नव्हता. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि चित्रकलेची वही. काही जण वहीवर डोके ठेवून झोपले होते. भिंतीवर हजेरीची यादी होती. यमुनाने ती वरून खालपर्यंत वाचली. कुलकर्णी, म्हेत्रे, शेख, बिराजदार, कांबळे, निंबाळकर, विटकर. सगळ्या जातींची मुले एका ओळीत बसलेली तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

ओवी तिसऱ्या ओळीत होती. आत्या दिसताच तिचा चेहरा फुलला. पण उठण्याआधी तिने मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवल्यावरच ती आली. हात कोरडे, ओठांना पापुद्रे.

यमुनाने पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला. ओवीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको, आत्या.”

“खा बाळा. मी सांगते ना बाईंना.”

“आज सातवा दिवस आहे,” ओवी कुजबुजली. “दोनच राहिलेत. मोडलं की पहिल्यापासून करावं लागतं. मागच्या वेळी त्या श्रीयाला करावं लागलं. तू नको ना मोडायला लावू.”

यमुना लाडू हातात धरून उभी राहिली. तिने ओवीला ओढून बाहेर न्यायला हवे होते. तिने तसा हात पुढेही केला. ओवी मागे सरकली आणि रडायला लागली, पण आवाज न करता, शिकवल्यासारखी. बाई पुढे आल्या आणि अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, “पालकांची लेखी संमती आहे, मॅडम. आपण कोण?”

*

हणमंता वर्कशॉपमध्ये एका बसखाली होता. तिला पाहून बाहेर आला, ग्रीसचे हात चिंधीला पुसत राहिला. केस सगळे पांढरे झाले होते.

“आण्णा, तिला घरी आण. आत्ताच्या आत्ता.”

“नऊ दिसांनी मानूस मरत न्हाई, यमे. आपन म्हैना म्हैना काढलाय.”

“म्हणूनच म्हणते! तू मला गुळाचं पाणी पाजलंस आणि आता स्वतःच्या पोरीला...”

“व्हय. मीच.” त्याने चिंधी फेकली. “मला काय ग्वाड वाटतंय व्हय? ती शिबिराला गेली की मी बी जेवत न्हाई. शालन जेवत न्हाई. पर मला सांग, मी काय करायचं? तुज्या यंत्राला उपाशी पोर पायजे. मी पोटभर घातलं तर म्हनतंय, जा, तुजं भागलं. भागलं का आमचं? माज्या बाला हिशेब येत न्हवता, मला इंग्रजी येत न्हाई. विशाखाला अभ्यासात काय अडलं तर घरात इचारायला कोन होतं? समोरच्या बंगल्यातल्या पोराच्या घरात चार पिढ्या वकील. त्याचं पोट भरलेलं, माज्या पोरीचं बी भरलेलं. म्हनून दोघं सारखी झाली?”

तिने खाली पडलेली चिंधी उचलली.

“एका पिढीनं पोट भरतंय,” हणमंता हळू म्हणाला. “बाकीचं भराया लई येळ लागतंय.”

“मला हे आयोगाला सांगावं लागेल, आण्णा.”

त्याने तिच्याकडे पाहिले. नियम त्यालाही माहीत होता. खोटी वंचना सिद्ध झाली तर आईबापांना तुरुंग, आणि मुलाला आयुष्यभर राखीव जागा नाही.

“सांग,” तो म्हणाला. “एका पोरीचं झालंच हाय. दुसरीचं बी कर.” आणि पुन्हा बसखाली गेला. ती पाच-दहा मिनिटे तिथेच उभी होती. बसखालून पान्याचा आवाज येत राहिला.

परतीच्या वाटेवर टेंभुर्णीला ती जेवायला थांबली. ताट समोर आले आणि तिने ते तसेच परत पाठवले.

*

जुलैत आयोगासमोर तिची साक्ष झाली. तिने एकशे चौदा मुलांचे थर मोठ्या पडद्यावर दाखवले. भूक आणि बनवलेली भूक यांतला फरक समजावून सांगितला. नऊचा आकडा कुठून आला तेही सांगितले, आणि ती अट आपणच घातली होती हेही.

“आमचे यंत्र खोटे बोलत नाही,” ती म्हणाली. “या मुलांनी खरोखरच उपास काढले आहेत. पण आपण भुकेला गुण दिले आणि लोकांनी भूक पिकवली. मी ज्या कायद्याच्या बाजूने या खोलीत बोलले होते, तो मागे घ्यावा असं मला आज सांगायचं आहे.”

आयोगाच्या अध्यक्षांनी, एका वृद्ध निवृत्त न्यायाधीशांनी, चष्म्यावरून पाहिले. “नावं सादर करा, डॉक्टर. कारवाई करावी लागेल.”

“नावं नाहीत. मी यादी पुसून टाकली आहे.”

खोलीत गलका झाला.

“हा गुन्हा आहे, तुम्हाला कल्पना आहे?”

“आहे. त्यांतलं एक मूल माझ्या नात्यातलं आहे, हेही नोंदवून घ्या. ही मुलं शिक्षेला पात्र नाहीत. त्यांची शिक्षा भोगून झाली आहे.”

अध्यक्षांनी देवस्थळीला उभे केले. यादी त्याच्याकडेही होती. यमुना खाली मान घालून बसली. गेले दोन महिने तो तिच्याशी कामापुरतेच बोलत होता.

“माझ्याकडेही ती राहिलेली नाही,” देवस्थळी म्हणाला. “काल रात्रीपर्यंत होती.”

बाहेर जिन्यात तिने त्याला गाठले. आभार मानायला तोंड उघडले, तर त्याने हात वर केला.

“आभार मानू नकोस. मला तू चुकीचीच वाटतेस. कायदा जाईल, आणि माझ्यासारखा एखादा आठवीतला पोरगा पुन्हा उत्पन्नाच्या खोट्या दाखल्यांच्या रांगेत सगळ्यात मागे उभा राहील. पहिल्यांदा कुणीतरी त्याची भूक मोजली होती, यमुना.”

“मग यादी का पुसलीस?”

“उपाशी पोरांना पकडून द्यायला मी यंत्र बनवलं नव्हतं.” तो जिना उतरू लागला. मागे न बघता म्हणाला, “मी बेंगळुरूला जातोय. पत्र येऊन पंधरा दिवस झाले.”

पंचवीस वर्षे दोघांनी एका टेबलावर डबे उघडले होते. सोमवारी ती टेबलाशी जाऊन बसली आणि समोरची खुर्ची तिने दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली.

*

त्या वर्षाच्या शेवटी कायदा मागे घेतला गेला. शिबिरे बंद झाली. जातीचे दाखले परत आले. त्यांच्यासोबत जुन्या रांगा, जुने मोर्चे आणि जुनी कुजबुज. एका बाजूचे लोक म्हणाले, ‘शेवटी आपल्या लोकांसाठी यंत्र बुडवलं.’ दुसऱ्या बाजूचे म्हणाले, ‘आधी आपल्याच लोकांना बुडवलं, मग पश्चात्ताप झाला.’ यमुनावर खटला झाला नाही. तिला मुदतीआधी निवृत्त व्हायला सांगण्यात आले. निरोप समारंभ नको, असे तिनेच कळवले आणि कुणी आग्रह केला नाही.

शालनचा एकदा निरोप आला, “ओवीचं वजन चार किलोनं वाढलंय.” हणमंताकडून काहीच नाही. पोलीस त्याच्या दारात आले नाहीत, ते का, हे त्याला कळले असणार. पण कळणे वेगळे आणि फोन करणे वेगळे.

ती दिवसभर घरी असे. सकाळी फिरायला जाई, भाजी आणी, एकट्यापुरती भाकरी थापी. कधी कधी दोन दिवस आपण एक शब्दही बोललो नाही, हे तिला भाजीवाल्याशी बोलताना घोगऱ्या आवाजावरून कळे.

पुढच्या सप्टेंबरात एका संध्याकाळी अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

“आत्या, मी विशाखा.”

यमुना खुर्चीत बसली.

“मला मेडिकलला मिळालं. आपल्या कोट्यातनं. महिना झाला. मराठवाड्यात आहे, हॉस्टेलवर.” आवाज कोरडा होता. विशाखा आता बावीस वर्षांची होती. मधली चार वर्षे तिने बी. एस्सी. करत, पुन्हा पुन्हा परीक्षा देत काढली होती. “आण्णांना सांगू नको मी फोन केला म्हणून.”

“नाही सांगत. कशी आहेस?”

पलीकडे खोलीचे दार लावल्याचा आवाज आला.

“इथं प्रवेशाची यादी दारावर लावलीय. नावापुढं कोटा लिहिलेला. माझ्या रूममेटनं दुसऱ्या दिवशी खोली बदलून घेतली. तिला खिडकीजवळची पाहिजे होती म्हणाली. माझीच खाट खिडकीजवळ आहे, आत्या. मी देत होते तिला.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “मेसमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं. कुणी काही बोलत नाही. बोलले असते तर भांडले असते. तुझ्या त्या यंत्रात हे दिसलं असतं का गं?”

समोरच्या भिंतीवर उन्हाचा शेवटचा तुकडा होता.

“मी तेरा वर्षांची असताना बार्शीला हॉस्टेलवर होते,” यमुना म्हणाली. “पंधरा मुलींची खोली. मी ज्या घागरीला हात लावायचे ती घागर मुली राखेनं घासायच्या, माझ्यासमोर. वर्षभर. माझ्याशी बोलायची फक्त वॉर्डनबाई, तीही हजेरीपुरती. यंत्र बनलं त्या दिवशी सगळे गेल्यावर मी माझ्या अक्कलदाढेत ते वर्ष शोधलं. तारखेवारी शोधलं.”

“मग?”

“पांढरं स्वच्छ, विशाखा. माझ्या सगळ्या दातांत त्याच्याइतकं सुंदर वर्ष दुसरं नाही. हॉस्टेलवर दोन वेळा जेवण मिळायचं ना.”

पलीकडे श्वास ऐकू आला.

“हे तू आयोगाला का नाही सांगितलंस? पहिल्या वेळी?”

“कुणालाच सांगितलं नव्हतं. आण्णालाही नाही. मला वाटलं, दातात नाही म्हणजे ते एवढं काही नसेल. मीच जास्त मनाला लावून घेतलं असेल.” तिचा आवाज फाटला आणि तिने तो सावरला नाही. “ते माझं चुकलं. तुझं वर्ष त्यापायी गेलं. चार वर्षं गेली.”

विशाखा रागावेल, असे तिला वाटले. त्याची तिने तयारी ठेवली होती. पण विशाखा नुसती फोन धरून राहिली. मग पलीकडे कुठेतरी घंटा वाजली, चपलांचे आवाज, मुलींचे बोलणे.

“जेवणाची घंटा झाली,” विशाखा म्हणाली. “जाऊ की नको, असं होतंय. खोलीत बिस्किटं आहेत.”

“बिस्किटं राहू देत. खाली जा.” यमुना उठून उभी राहिली, जणू तिलाच जायचे होते. “कोपऱ्यातलं टेबल धरू नकोस. मधल्या टेबलावर बस, आणि सावकाश, पोट भरून जेव. ज्याला उठायचं असेल त्याने उठावं.”